दोन पेशींमधले दिवस : कोर्टाचे काम चालू असताना मन ठिकाणावर कसे ठेवावे

दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो, पण त्या सगळ्या काळात पक्षकाराला स्वतः न्यायालयात उभे राहून जे करायचे असते, ते एकत्र केले तर थोड्याच दिवसांचे काम भरते. बाकीचे सारे दिवस दोन पेशींच्या, म्हणजे कोर्टातल्या दोन तारखांच्या, मधले असतात आणि माणसे खचतात ती बहुधा याच दिवसांत. पेशीच्या दिवशी निदान काहीतरी घडते. मधल्या दिवसांत काहीच घडत नाही आणि तरीही डोक्यात दावा अखंड चालू राहतो. म्हणून या लेखात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत : जिथे मुदत आहे तिथे विनाविलंब काय करावे, आणि जिथे केवळ वाट पाहणे आहे तिथे ती कशी पाहावी. ताण वाढतो तो बहुतेक वेळा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे, म्हणजे मुदतीच्या कामात चालढकल आणि वाट पाहण्याच्या काळात अखंड धडपड.

इंदूरच्या मराठी घरांत जे वाद कोर्टापर्यंत जातात, त्यांत जुन्या घराची किंवा वाड्याची वाटणी, पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू, वडिलांच्या पश्चात अडलेले नामांतरण (मालमत्तेच्या नोंदीतला नावबदल) आणि नात्यात दिलेल्या उसन्या पैशांचा परत आलेला चेक हे प्रकार नेहमीचे आहेत. पुढील विवेचन मुख्यतः अशाच बाबींना धरून आहे. आपल्या प्रकरणातला कायदेशीर निर्णय अर्थातच आपल्या वकिलांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

कागद हातात पडतो तेव्हा

पहिले काम म्हणजे तो कागद कोणता आहे हे ओळखणे. वकिलाने पाठविलेली नोटीस हे समोरच्या पक्षाच्या वतीने आलेले पत्र असते. त्यातील भाषा कितीही कडक असली, ‘सात दिवसांत ताबा द्या, अन्यथा’ असे लिहिलेले असले, तरी तो न्यायालयाचा आदेश नसतो. समन्स मात्र न्यायालयाकडून येतो आणि त्यावर न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, हजर राहण्याची तारीख आणि शिक्का असतो. घरातली वडीलधारी मंडळी नोटिशीनेच हादरून जातात, त्यामुळे हा फरक त्यांना त्याच संध्याकाळी शांतपणे समजावून सांगावा. नोटिशीला उत्तर द्यायचे की नाही आणि कोणत्या शब्दांत, हे वकिलांना विचारून ठरवता येते.

पोस्टमन किंवा तामील करणारा कर्मचारी दारात आला असता कागद घ्यायला नकार देण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे आणि ती निव्वळ आत्मघातकी आहे. समन्स घेण्यास नकार दिला, तर तो बजावला गेला असे न्यायालय धरून चालते. प्रकरण एकतर्फी पुढे जाते, आणि आपण मात्र ‘मला काही मिळालेच नाही’ या समजुतीत राहतो. कागद घ्यावा, मिळाल्याची तारीख त्यावर पेन्सिलने लिहावी, पाकीट फेकू नये, आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवावा.

यानंतर मुदत पाहावी. साधारण दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी जबाब दाखल करायचा असतो आणि न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. भाडेकरूविरुद्धचा दावा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 खाली असेल, तर भाडेकरूने समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकलेले भाडे जमा करणे आणि पुढे दर महिन्याला भरत राहणे अपेक्षित असते. ते न केल्यास त्याचा बचावच खोडला जाऊ शकतो. चेक परत गेल्याच्या प्रकरणात मागणीची नोटीस मिळाल्यावर रक्कम देण्यासाठी 15 दिवस असतात. या तारखा घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहाव्यात आणि प्रत्येकीच्या आठवडाभर आधीच्या चौकोनातही खूण करावी. दाव्याच्या पहिल्या महिन्यात धावपळ करणे रास्त आहे. घाईला खरोखर उपयोग असलेला हा जवळजवळ एकमेव काळ असतो.

त्या रात्री मात्र समोरच्या पक्षाला फोन करू नये. नोटीस चुलतभावाची असेल तर हात आपोआप फोनकडे जातो, ‘अरे, निदान एकदा बोलायचंस तरी’ असे म्हणावेसे वाटते, आणि दहा मिनिटांत बोलणे 1990 सालच्या श्राद्धापर्यंत जाऊन पोहोचते. बोलायचेच असेल तर वकिलांना भेटल्यानंतर, दिवसाउजेडी, आणि तिसऱ्या समजूतदार माणसाच्या समक्ष बोलावे.

नेमके काय पणाला लागले आहे

भीती मोघम असते तोवर ती मोठी असते. म्हणून वकिलांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्यांच्यासमोरच वहीत उतरवून घ्यावीत : या प्रकरणात वाईटात वाईट काय होऊ शकते, चांगल्यात चांगले काय होऊ शकते, आणि तुमच्या अनुभवाप्रमाणे बहुधा काय होईल. पहिले उत्तर ऐकताना पोटात गोळा येतो, पण रात्री तीन वाजता मनाने रंगविलेल्या चित्रापेक्षा ते जवळजवळ नेहमीच लहान निघते. वाटणीच्या दाव्यात वाईटात वाईट म्हणजे सहसा अपेक्षेपेक्षा कमी हिस्सा मिळणे किंवा घर विकून पैसे वाटून घ्यावे लागणे. दिवाणी दावा हरल्यामुळे कोणी तुरुंगात जात नाही. हे वाक्य वाचणाऱ्याला बाळबोध वाटेल, परंतु सत्तरी ओलांडलेल्या आईच्या मनात नेमकी हीच भीती असते आणि आई ती कोणाला बोलून दाखवत नाही.

काही प्रश्नांची उत्तरे कायद्याने आधीच देऊन ठेवलेली असतात, आणि ती माहीत झाली की घरातली निम्मी वादावादी थांबते. उदाहरणार्थ, 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. वाटणी 20 डिसेंबर 2004 पूर्वीच नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली असेल तर गोष्ट वेगळी. पण एरवी ‘आत्याला लग्नात दिलं होतं ना’ या मुद्द्यावर रात्ररात्र भांडण्यात हशील नाही.

चौथा प्रश्न वकिलांना नव्हे, स्वतःला विचारायचा असतो : हे सगळे संपल्यावर मला काय हवे आहे? राहायला वरचा मजला हवा आहे, पैसे हवे आहेत, की भावाने एकदा चूक कबूल करायला हवी आहे? पहिल्या दोन गोष्टी न्यायालय देऊ शकते. तिसरी कोणत्याही हुकुमनाम्यात लिहिलेली नसते, आणि जी माणसे मनातून केवळ तिच्यासाठी दावा चालवतात ती जिंकूनही अस्वस्थच राहतात, असे माझे निरीक्षण आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण या काळात प्रत्येक पाहुणा ऐकवून जातो. तिच्यात तथ्य आहे, पण ज्याच्यावर दावा झाला आहे त्याने पायरी चढायची की नाही हे त्याच्या हातात उरलेलेच नसते, आणि जिचा हिस्सा परस्पर विकला जात आहे त्या बहिणीला ही म्हण ऐकवणे म्हणजे तिलाच दोषी ठरवणे होय. कोर्टात जाणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवणाऱ्याला मदत मिळत नाही.

टप्पे माहीत असले की वाट पाहणे सोपे जाते

दिवाणी दाव्याचा क्रम ठरलेला असतो. दावा दाखल होतो, समन्स निघतो, प्रतिवादीचा लेखी जबाब येतो, मग न्यायालय वादाचे मुद्दे निश्चित करते. त्यानंतर आधी वादीचे साक्षीदार व त्यांची उलटतपासणी, मग प्रतिवादीचे, शेवटी अंतिम युक्तिवाद आणि निकाल. तात्पुरत्या मनाईचा, म्हणजे स्थगनाचा अर्ज असेल तर त्याची सुनावणी या क्रमाच्या सुरुवातीलाच होते आणि बहुतेकांची सर्वाधिक धाकधूक तिथेच होते. वाटणीच्या दाव्यात आणखी एक टप्पा असतो, तो पक्षकारांना कोणी आधी सांगत नाही : प्रथम प्राथमिक हुकूमनामा होतो, ज्यात कोणाचा किती हिस्सा हे ठरते, आणि प्रत्यक्ष सरसनिरस, म्हणजे चांगले-वाईट पाहून, वाटप होऊन अंतिम हुकूमनामा होण्यास पुढे पुन्हा वेळ लागतो. हे ठाऊक नसले की पहिल्या निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि पुढच्या महिन्यात घोर निराशा येते.

हा क्रम एका कागदावर लिहून आपण आज कोठे आहोत तिथे खूण करून ठेवावी. प्रत्येक पेशीला पुढे सरकलेच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नये. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत असे दिवाणी प्रक्रिया संहितेत म्हटलेले आहे, पण व्यवहार काय आहे हे सर्वांना माहीत आहे; देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि आपले त्यांतले एक आहे. तारीख पुढे गेली म्हणजे न्यायाधीश आपल्याविरुद्ध आहेत किंवा समोरच्याने काही ‘सेटिंग’ केले आहे, असा अर्थ त्यातून काढू नये.

त्यासाठी आदेश पत्रिका वाचायला शिकावे. आपल्या जिल्हा न्यायालयाचे कामकाज हिंदीत चालते आणि प्रत्येक पेशीला दोन-चार ओळींची नोंद होते : ‘पीठासीन अधिकारी अवकाश पर’, ‘प्रकरण वादी साक्ष्य हेतु नियत’, ‘प्रतिवादी अधिवक्ता द्वारा समय चाहा गया’. यांतील पहिल्या नोंदीत आपल्याविषयी काहीच नाही. दुसरीत, आपण वादी असलो तर, पुढच्या वेळी आपले काम आहे, म्हणजे तयारी हवी. तिसरीत केवळ विलंब आहे. ई-कोर्ट्‌स सेवेच्या ॲपमध्ये प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि बहुतेक वेळा आदेशही घरबसल्या दिसतात. मात्र ते ॲप दिवसातून दहा वेळा उघडू नये. पेशीच्या दुसऱ्या दिवशी एकदा पाहावे, तारीख कॅलेंडरवर उतरवावी आणि बंद करावे.

प्रत्येक पेशीला स्वतः जाणे आवश्यक नसते, हेही अनेकांना माहीत नसते. दिवाणी प्रकरणात बहुतेक तारखांना वकिलांची हजेरी पुरते. साक्ष, उलटतपासणी, मध्यस्थी अशा दिवशी आपण लागतो. ‘कोणत्या तारखेला माझी गरज आहे?’ असे वकिलांना स्पष्ट विचारावे आणि बाकीच्या दिवशी आपापल्या कामावर जावे. फौजदारी प्रकरणात मात्र आरोपीने हजर राहणे किंवा हजेरी माफीचा अर्ज वकिलांमार्फत वेळेवर दिला गेला आहे याची खात्री करणे अनिवार्य आहे. तिथे ढिलाई केली तर वॉरंट निघू शकते.

कागद एका जागी, वकिलांशी बोलणे एका वेळी

एकच फाइल करावी. सर्वांत वर एका पानाचा घटनाक्रम असावा : साल, तारीख, काय झाले, त्याचा कागद कोणता. हे पान लिहिताना मन आश्चर्यकारकरीत्या शांत होते, कारण तीस वर्षांचे गाऱ्हाणे पंधरा ओळींत बसते. मूळ दस्त बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि फाइलमध्ये फक्त प्रती ठेवाव्यात. आपल्याकडे जुन्या घरांत होळकरशाहीच्या काळातले मोडी लिपीतील कागद निघतात. त्यांचे लिप्यंतर आणि हिंदी भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो, मोडी वाचणारा जाणकार शोधावा लागतो, त्यामुळे हे काम साक्षीच्या आदल्या महिन्यावर ढकलू नये.

वकिलांशी संबंध हा ताणाचा स्वतंत्र उगम ठरू शकतो. फी किती, कोणत्या टप्प्यावर किती, टायपिंग, नकला आणि कोर्ट फी त्यात धरली आहे की वेगळी, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. संकोच करू नये. निकालातून मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना करता येत नाही, आणि ‘शंभर टक्के जिंकून देतो’ असे म्हणणारा वकील निवडू नये, हे वेगळे सांगायला नको. प्रश्न सुचतील तसे वहीत टिपून ठेवावेत आणि पंधरवड्यातून एकदा वेळ घेऊन एकत्र विचारावेत. रोज फोन करणाऱ्या पक्षकाराचा फोन शेवटी उचलला जात नाही, आणि तो उचलला गेला नाही की रात्रभर झोप लागत नाही. दुसरीकडे, महिनोन्‌महिने काहीच कळत नसेल तर वकील बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे वकिलाला अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ठरवून दिलेले आहे. वकील बदलावा, पण तहकुबी मिळाल्याच्या रागात बदलू नये.

मधले दिवस

आता लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. दोन पेशींमध्ये सहा आठवडे असतील, तर त्यांतले किती तास प्रकरणाला द्यायचे हे आपण ठरवायचे असते. न ठरवल्यास ते सगळेच घेते. सुचवण्यासारखी पद्धत अशी. आठवड्यातून एक ठराविक वेळ, समजा रविवारी सकाळी पोहे-चहा झाल्यावर पाऊण तास, फाइल उघडण्यासाठी राखावा. नकला आणायच्या आहेत का, साक्षीदाराला फोन करायचा आहे का, वकिलांचे पैसे द्यायचे आहेत का, एवढे पाहावे आणि कामांची यादी करून फाइल कपाटात ठेवावी. ती जेवणाच्या टेबलावर किंवा पलंगाशेजारी ठेवू नये, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर ती उघडूच नये.

विचार मात्र वेळ पाळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीही रोज वीस मिनिटे नेमून द्यावीत. संध्याकाळी सहा ते सहा-वीस, हातात वही, आणि जे मनात येईल ते लिहावे : ‘काका साक्षीत खोटं बोलले तर’, ‘न्यायाधीशांची बदली झाली तर’. दिवसा एखादा विचार आला की ‘हा सहाचा’ असे म्हणून एक शब्द टिपून पुढे जावे. चिंतेला अशी ठराविक वेळ देण्याची पद्धत मानसोपचारात चार दशकांपासून वापरात आहे. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे एक खूण करावी : यावर मी काही करू शकतो का? करू शकत असेन तर ती गोष्ट रविवारच्या यादीत जाते. न्यायाधीशांच्या बदलीवर आपण काही करू शकत नाही; ती ओळ तिथेच राहते, आणि काही आठवड्यांनी वही चाळली असता असे दिसते की अशाच ओळी सर्वांत जास्त आहेत.

घरात एक नियम करावा : जेवताना प्रकरणाचा विषय नाही, मुलांसमोर तर मुळीच नाही. मुले सगळे ऐकत असतात, आणि ज्या काकांविरुद्ध दावा आहे त्यांच्याच मुलीशी त्यांची शाळेत मैत्री असते. पती-पत्नींपैकी एकालाच प्रकरणाचा ध्यास असेल तर दुसऱ्याने रविवारच्या पाऊण तासात सोबत बसावे. त्यामुळे बाकीच्या आठवड्यात ‘तुला काही पडलेलीच नाही’ हे वाक्य कमी ऐकू येते. बोलून मोकळे होण्यासाठी एकच माणूस निवडावा, शक्यतो दाव्याशी काही देणेघेणे नसलेला. दहा जणांना सांगितले की दहा सल्ले येतात, त्यांतले दोन समोरच्या पक्षापर्यंत पोहोचतात, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगताना राग नव्याने पेटतो.

मराठी मंडळींपुढे इंदूरमध्ये एक विशेष अडचण असते : शहर मोठे झाले असले तरी आपला गोतावळा लहान आहे. रामबाग काय, राजेंद्रनगर काय, सुदामानगर काय, मुंजीत, मंगळागौरीत, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात समोरचा पक्ष हमखास भेटतो, आणि पंगतीत नेमका समोर बसतो. कार्यक्रमाला जाणे टाळू नये, कारण एकदा टाळायला लागले की माणूस हळूहळू सगळ्यांतूनच उठतो. जाण्याआधी दोन वाक्ये ठरवून ठेवावीत. नातेवाइकांनी विषय काढला तर, ‘ते कोर्टात आहे, मामा, तिथेच राहू दे, तुमची तब्येत कशी आहे?’ समोरच्याने स्वतः काढला तर, ‘दादा, इथे नको, वकिलांमार्फत बोलू.’ वहिनींनी हातात प्रसादाची वाटी दिली तर ती घ्यावी. वाटी घेतल्याने आपला दावा कमजोर होत नाही.

मोबाइलबाबत मात्र कडक राहावे. रागात पाठविलेला संदेश कायमचा असतो. इलेक्ट्रॉनिक नोंदी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रासह पुराव्यात दाखल होऊ शकतात, आणि कुटुंबाच्या व्हॉट्‌सॲप गटावर रात्री साडेअकराला लिहिलेले ‘बघून घेईन’ दोन वर्षांनी उलटतपासणीत वाचून दाखवले जाऊ शकते. लिहावेसे वाटले तर संध्याकाळच्या वहीत लिहावे. आलेले संदेश पुसून टाकू नयेत, त्यांतील काही आपल्याच उपयोगाचे असू शकतात. गट म्यूट करावा आणि जपून ठेवावा. वकिलांशी झालेले बोलणे गोपनीय असते व कायदा त्याला संरक्षण देतो, पण त्यांचा संदेश आपणच भाचीला फॉरवर्ड केला तर ती गोपनीयता आपणच गमावतो.

पेशीचा आणि साक्षीचा दिवस

आदल्या दिवशी दुपारी वकिलांना एक फोन करून उद्या काय आहे हे विचारावे. पाण्याची बाटली, डबा, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी, चष्मा आणि वाचायला काहीतरी सोबत घ्यावे. पुकारा कधी होईल याचा नेम नसतो, आणि उपाशी पोटी, उन्हात, एका खुर्चीसाठी ताटकळत चार तास काढल्यावर कोणाचेही मन ताळ्यावर राहत नाही. सोबत एकच माणूस न्यावा, तोही शांत स्वभावाचा. मुठी वळणारा मेहुणा घरीच बरा. त्या दिवसाचे उद्दिष्ट ‘निकाल’ असे न ठेवता ‘पुढची तारीख व टप्पा लिहून आणणे’ एवढेच ठेवावे. कॉरिडॉरमध्ये समोरच्या वकिलांनी तडजोडीचा प्रस्ताव टाकला तर तो लिहून घ्यावा आणि उत्तर घरी जाऊन, दोन दिवसांनी द्यावे.

साक्षीची तयारी हा स्वतंत्र विषय आहे. दिवाणी प्रकरणात सरतपासणी (आपल्या बाजूने दिलेली मूळ साक्ष) बहुधा शपथपत्रावर होते, म्हणजे आपल्या तोंडी परीक्षेचा भाग मुख्यतः उलटतपासणीचा असतो. आपलेच शपथपत्र आदल्या आठवड्यात दोन-तीनदा सावकाश वाचावे. पाठ करू नये. प्रश्न पूर्ण ऐकावा, श्वास घ्यावा, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे संपूर्ण आणि सन्मान्य उत्तर आहे. अंदाजाने साल सांगणे हे मात्र संकट आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी. घरी आयुष्यभर मराठी बोललेल्या आजींना कोर्टातली हिंदी, ‘कथन’, ‘प्रतिपरीक्षण’, ‘सहखातेदार’ असली, पटकन उमजत नाही. त्यांनी तसे न्यायाधीशांना सरळ सांगावे, त्यात काही कमीपणा नाही. समोरचे वकील आवाज चढवतात तेव्हा ते आपल्यावर रागावलेले नसतात, ते त्यांचे काम करत असतात. उत्तर न्यायाधीशांकडे पाहून द्यावे, म्हणजे त्या आवाजाचा जोर निम्मा होतो. नोंदलेला जबाब सही करण्यापूर्वी वाचून पाहावा आणि काही चुकीचे उतरले असेल तर तिथेच, तत्क्षणी, निदर्शनास आणून द्यावे. बाहेर आल्यावर सांगून उपयोग नाही.

पुकाऱ्याची वाट पाहताना छाती धडधडू लागली तर एक साधा उपाय आहे : नाकाने चार आकड्यांपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा किंवा आठ आकड्यांपर्यंत सावकाश सोडावा, पाच मिनिटे. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की हृदयाची गती उतरते. बाकावर बसून, कोणाच्या लक्षात न येता हे करता येते.

साक्ष झाल्यावर त्या रात्री ‘असे म्हणायला हवे होते’ हे चक्र हटकून सुरू होते. त्या संध्याकाळी मुद्दाम दुसरे काही योजून ठेवावे. राजवाड्याकडे एक फेरी मारावी, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खावा, नातवाला घेऊन जावे. प्रकरणाचे मूल्यमापन वकिलांबरोबर दुसऱ्या दिवशी करावे.

खर्च

पैशाची चिंता निनावी ठेवू नये. वर्षाला किती खर्च होणार याचा अंदाज वकिलांकडून घेऊन तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, म्हणजे प्रत्येक पेशी घरखर्चावर आल्यासारखी वाटत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले लोक मोफत वकील मिळण्यास पात्र आहेत. स्त्रियांना यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत ठाऊकच नसते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो आणि 15100 या क्रमांकावर माहिती मिळते.

तडजोडीचा विचार कधी करावा

तडजोड म्हणजे हार, ही समजूत फार नुकसान करते. न्यायालय स्वतःच प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकते, आणि लोकअदालतीत उभयपक्षी संमतीने ठरलेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो. भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक अट, रक्कम, तारीख, कोणती खोली कोणाची, जिना आणि नळ सामाईक की वेगळे, इथवर वाचून घ्यावी. वाड्याच्या वाटणीत पुढची भांडणे जिन्यावरून आणि नळावरूनच होतात.

हिशेब कागदावर मांडावा : दावा पुढे चालवल्यास लागणारी वर्षे, खर्च, अपिलाची शक्यता, आणि त्या काळात आईचे वय किती होईल. एकीकडे हे, दुसरीकडे प्रस्ताव. एखाद्या वाईट पेशीनंतर थकून तडजोड करू नये, तसेच एखाद्या चांगल्या पेशीनंतर फुशारून ती नाकारूही नये. दोन शांत आठवडे मध्ये जाऊ द्यावेत.

शरीर काय सांगते

सलग दोन-तीन आठवडे झोप नाही, वजन घटते आहे, दारू किंवा तंबाखू वाढली आहे, छोट्या गोष्टीवरून घरच्यांवर हात उगारला जातो आहे, पेशीच्या नुसत्या कल्पनेने उलटी होते आहे, यांपैकी काही असेल तर तो ‘स्वभाव’ नव्हे, तो उपचाराचा विषय आहे. छातीत दुखत असेल तर ते ताणाचेच असेल असे गृहीत न धरता आधी डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालयातही, ज्याला आपण सारे एमवाय म्हणतो, मानसोपचाराची सोय आहे. जगणे नकोसे वाटते असे घरात कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी; पेशी चुकली तरी चालेल.

निकालाच्या दिवशी

निकाल बाजूने लागो वा विरुद्ध, त्या दिवशी पुढचा निर्णय घेऊ नये. मात्र प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यावा. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करायला 30 दिवस आणि उच्च न्यायालयाकडे 90 दिवस असतात, आणि नक्कल तयार होण्यास लागलेला काळ त्यांतून वगळला जातो. हरलो असलो तर हा काळ विचारासाठी पुरेसा आहे. जिंकलो असलो तर समोरचा अपिलात जाऊन स्थगिती मागेल हे गृहीत धरून, आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये यासाठी कॅव्हेट दाखल करण्याबद्दल वकिलांना विचारावे. ती 90 दिवस टिकते. नक्कल मिळाली की तिच्या दोन झेरॉक्स काढून एक फाइलमध्ये लावावी, मूळ लॉकरमध्ये ठेवावी, आणि रविवारच्या पाऊण तासाची वाट पाहावी.